तोच राजपुत्र, की दुसरा?

गाजलेल्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग बाजारात आला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, ‘यात नवीन काय आहे? जुनाच माल नव्या वेष्टनात.’ दुसरी, ‘हा तो खेळच राहिला नाही.’ पुष्कळदा दोन्ही तक्रारी करणारा माणूस एकच असतो, आणि दोन्ही वेळा त्याचं दुःख खरं असतं. मी कॉलेजात भारतीय तत्त्वज्ञान शिकवते. हा वाद ऐकताना मला तो आवडीनिवडीचा वाटत नाही. एखादी गोष्ट बदलत गेली तर ती तीच राहते का, आणि तिच्यातलं काय राहिलं म्हणजे ‘तीच’ म्हणायचं, हा दर्शनांमधला जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला मी ज्या खेळाचा आधार घेते तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, कारण तो माझ्या बोटांना ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात सांगलीत ज्यांनी संगणकाचा क्लास लावला त्यांना हा खेळ वेगळा सांगायला नको. डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ टाइप करून एंटर मारला की तळघरात पडलेला पांढऱ्या कपड्यांतला पोरगा दिसायचा. बाणांच्या कीजनी तो धावायचा, उडी मारायचा, कड्याला लटकायचा. शिफ्ट दाबून ठेवली की एकेक पाऊल जपून टाकायचा. जमिनीतून भाले वर यायचे, पण त्यांच्यातून सावकाश चालत गेलं तर ओरखडाही उठत नसे. मजले दोन असतील तर पडून एक प्राण जायचा, तीन असतील तर खेळ खलास. राजकन्येला वाचवायला साठ मिनिटं मिळत. मेलात तर लेव्हल पुन्हा पहिल्यापासून, पण गेलेली मिनिटं परत मिळत नसत.

त्या पोराच्या अंगाला वजन होतं. अमेरिकेतल्या जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल ॲपल टू संगणकावर उतरवली. खेळ १९८९ साली आला. धावताना थांबायचं ठरवलं तरी राजपुत्र जागच्या जागी थांबत नाही, घसरत पुढे जातो. उडीची की दाबली की ती माघारी घेता येत नाही. विचार आधी करायचा, मग पाय उचलायचा, आणि पाय उचलला की जे होईल ते सोसायचं. हा खेळ शिकणं म्हणजे ही शिस्त बोटांत मुरवणं.

या खेळातला एक प्रसंग मी वर्गातही सांगते. चौथ्या लेव्हलच्या शेवटी वाटेत एक आरसा उभा राहतो. त्यातून धावत उडी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आरशातून उलट्या बाजूने राजपुत्राची सावली बाहेर पडते आणि निघून जाते, आणि राजपुत्राच्या अंगात एकच प्राण उरतो. पुढे ही सावली त्याच्या तोंडची औषधाची कुपी पळवते, त्याला खड्ड्यात पाडते. बाराव्या लेव्हलवर ती तलवार उपसून समोर येते. तिच्यावर वार केला की घाव आपल्यालाच लागतो, तिला मारलं की आपणही मरतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि तिच्या अंगावर चालून जायचं. दोघे एक होतात, आणि जिथे नुसती पोकळी होती तिथे पायाखाली फरशा उमटत जातात. मेक्नरजवळ संगणकाच्या स्मृतीत दुसरं पात्र ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रं जराशी सरकवून स्वतःशीच मिसळली आणि ही सावली तयार झाली. अडचणीतून आलेल्या या युक्तीने ‘मी कोण आणि माझ्यासारखा दिसणारा कोण’ हा प्रश्न खेळाच्या मधोमध आणून ठेवला.

हाच प्रश्न मिलिंद राजाने नागसेन भिक्खूंना विचारला होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो संवाद आहे. ही जोडी आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) मिलिंद महाविद्यालयामुळे आणि नागसेनवनामुळे परिचित आहे. राजा विचारतो, जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन सांगतात, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण ते देतात. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही, पण दोन वेगळे दिवेही म्हणता येत नाहीत. ज्योत ज्योतीतून आलेली असते. तिथे कायम टिकलेला एखादा कण शोधून उपयोग नाही. नातं कारणाचं आहे, सलगतेचं आहे.

खेळाच्या पुढच्या भागाकडे मी याच नजरेने पाहते. आधीच्या भागातली कुठली वस्तू उरली हे मोजण्यापेक्षा आधीच्या भागाने कुठल्या गोष्टीला जन्म दिला, ते पाहावं. आणि खेळ आपल्याकडून काय मागत होता, ती मागणी पुढे चालू राहिली का, हे पाहावं. पात्रं, कीज, चाली, चित्रं सगळं बदलू द्या. मागणी बदलली तर मात्र नाव बदलणं प्रामाणिकपणाचं ठरेल.

‘जुनं तसंच ठेवा’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. महिनोन् महिने घासून आलेलं बोटांचं कौशल्य ही कमाई असते. पुढच्या भागाने ते एका फटक्यात निकामी केलं तर माणसाला अपमान वाटतो, आणि तो वाटणं रास्त आहे. शिवाय नावात एक शब्द दिलेला असतो. पण चाली जशाच्या तशा ठेवल्याने शब्द पाळला जातोच असं नाही. ‘सुपर मारिओ’चा इतिहास पाहा. जपानात १९८६ साली त्याचा दुसरा भाग आला तो पहिल्याचीच कठीण आवृत्ती होता. अमेरिकेतल्या लोकांना तो झेपणार नाही असं तो बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीला वाटलं. मग १९८७ चा ‘डोकी डोकी पॅनिक’ हा वेगळाच जपानी खेळ घेऊन त्यातल्या पात्रांच्या जागी मारिओची मंडळी बसवली आणि १९८८ मध्ये तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स टू’ म्हणून अमेरिकेत आणला. त्यात शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाही, आपण त्याच्यावर स्वार होतो. जमिनीतून भाज्या उपटून फेकायच्या. म्हणजे पहिल्या खेळात शिकलेली मुख्य चालच निरुपयोगी. तरीही त्यातले मुखवटेवाले शाय गाय आणि पायांवर चालणारे बॉम्ब मारिओच्या घरात कायमचे राहायला आले. परका म्हणून आलेला खेळ नातेवाईक झाला, कारण उडीवर विसंबून नव्या जागेत धीटपणे शिरायचं ही मारिओची मागणी त्यातही होतीच.

आता राजपुत्राकडे येते. २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ने १९८९ च्या खेळाचा वरवर पाहता पायाच काढून घेतला. राजपुत्राच्या हाती एक खंजीर आला, आणि खड्ड्यात पडल्यावर वेळ उलटा फिरवता येऊ लागला. जिथे उडी माघारी घेता येत नव्हती तिथे ती माघारी घेता येऊ लागली! पण हात लावून पाहिलं की कळतं, मागणी तीच आहे. खंजिरातली वाळू मोजकी असते. ती कुठे उधळायची आणि कुठे मरण पत्करायचं हे ठरवावं लागतं. शेवटी राजपुत्र सगळाच काळ उलटा फिरवतो. संकट टळतं, पण वाटेत त्याची सोबतीण झालेली फराह त्याला ओळखत नाही. जे घडलं ते त्याच्या एकट्याच्या आठवणीत राहतं. केलेलं पुसता येतं, पण पुसण्याचीही किंमत मोजावी लागते. मेक्नर या खेळात कथालेखक म्हणून होता, आणि त्याने जुन्या प्रश्नाचं नवं उत्तर लिहिलं.

या कसोटीचे काही निकाल माझ्या आवडीच्या विरुद्ध जातात, तेही सांगायला हवेत. २००४ चा ‘वॉरियर विदिन’ मला आवडत नाही. त्यातला राजपुत्र रागीट, संगीत कर्कश, सगळीकडे रक्त. खुद्द मेक्नरनेही त्याच्या या रूपाबद्दल नापसंती व्यक्त केली. पण त्या खेळात दहाका नावाचा काळाचा रक्षक राजपुत्राच्या मागे लागलेला आहे, कारण काळाची वाळू मोकळी करूनही तो नशिबातल्या मरणातून निसटला. मागच्या खेळात केलेल्या कर्माचं फळ या खेळात पाठलाग करतं, आणि पळताना एक पाऊल चुकलं तर ते गाठतंच. स्वभाव बदलला, पण वंश तोच. उलट २००८ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ देखणा आहे. त्यातली एलिका राजपुत्र पडला रे पडला की हात धरून त्याला वर ओढते. प्रत्येक वेळी, बिनशर्त. काही जण म्हणतील, इतर खेळांतही मेल्यावर थोडं मागे जाऊन पुन्हा खेळतोच की, फरक कुठे पडला? फरक घड्याळाचा आणि वाळूचा. पूर्वी प्रत्येक चुकीत काहीतरी खर्च व्हायचं, इथे काहीच होत नाही. कथेच्या शेवटी राजपुत्र एक भयंकर किमतीचा निर्णय घेतो हे खरं, पण खेळ आपल्याशी बोटांच्या भाषेत बोलतो, आणि बोटांना तिथे कसलाच हिशेब द्यावा लागत नाही. मला त्या खेळात राजपुत्राचं नाव ऐकू येतं, त्याचा हिशेब ऐकू येत नाही.

माझा भाचा २०२४ चा ‘द लॉस्ट क्राउन’ खेळत होता तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं. त्यात नायक सरगॉन नावाचा योद्धा आहे, राजपुत्राला सोडवायला निघालेला. भाचा म्हणाला, “मावशी, यात आपण राजपुत्र नाहीच, मग नाव कशाला तेच?” मी त्याला पुढे खेळत राहायला सांगितलं. थोड्या वेळाने सरगॉनला एक शक्ती मिळाली. एका जागी आपली सावली सोडून पुढे जायचं, आणि वाटेल तेव्हा परत त्या सावलीच्या जागी यायचं. काट्यांनी भरलेल्या एका खोलीत तो अडकला. सावली आधी कुठे सोडायची हे कळेपर्यंत पुनःपुन्हा मेला. मग हात थांबवून, पडद्याकडे एकटक बघत भाच्याने आधी मनात सगळी वाट चालून पाहिली आणि मग की दाबली. ते मी ओळखलं. क्लासमध्ये आम्ही असेच थांबायचो. मूळ खेळानंतर पस्तीस वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या लोकांनी बनवलेला, राजपुत्र नायक नसलेला हा खेळ त्या पोराकडून तेच मागत होता.

आता जपण्याचा प्रश्न. मला वाटतं, पुढच्या भागावर जुनं जसंच्या तसं ठेवण्याची सक्ती आपण करतो, कारण मूळ खेळ हरवेल ही भीती मनात असते. ती भीती खोटी नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ सोर्स कोड कित्येक वर्षं हरवलेलाच होता. २०१२ साली मेक्नरच्या वडिलांना, ज्यांनी त्या खेळाचं संगीत दिलं होतं, घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जुनी यंत्रं जपणाऱ्या जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि मेक्नरने तो कोड सर्वांसाठी खुला केला. आज कुणालाही तो ओळीओळीने वाचता येतो.

मूळ जपणं आणि परंपरा पुढे नेणं, ही दोन कामं संत एकनाथांनी वेगळी ठेवली होती. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, मध्ये घुसलेले पाठ काढले आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. तिथे ते कमालीचे कडक आहेत. पण याच नाथांनी स्वतः लिहायला घेतलं तेव्हा भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत प्रचंड ग्रंथ केला आणि विंचू, जोशी, वासुदेव यांच्या रूपकांतून अध्यात्म सांगणारी भारुडं रचली. मूळ ग्रंथ आपली भर न घालता जपायचा, आणि परंपरा पुढे न्यायची तर मोकळ्या हाताने न्यायची. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच भक्तीने केल्या.

खेळांच्या बाबतीतही मला हेच मागायचं आहे. मूळ खेळ आहे तसा, त्याच्या सगळ्या अडचणींसह, पुढच्या पिढीला खेळता येईल असा ठेवा. मग पुढच्या भागावर संग्रहालयाचं ओझं टाकू नका. मात्र नवा भाग घडवणाऱ्याची जबाबदारी त्याने वाढते. चाली तशाच ठेवायच्या असतील तर त्या उचलून आणल्या की झालं. सगळं बदलायचं असेल तर मूळ खेळ माणसाकडून काय मागत होता हे आधी स्वतःच्या हातांनी कळलेलं असावं लागतं, आणि ते कळायला तो खेळ मनापासून, शेवटच्या लेव्हलपर्यंत खेळावाच लागतो. नवं घडवण्याचा अधिकार मी त्यालाच देईन ज्याने तलवार म्यान करण्याची जागा शोधताना सावलीचे पुष्कळ वार सोसले आहेत.