वरचा थर

आमच्या पुरुषोत्तमनगरला रेल्वे नाही. पुरुषोत्तमनगरलाच काय, सगळ्या शहादा तालुक्यात नाही. साखर कारखान्याच्या अंगाखांद्यावर वाढलेलं हे गाव. पी. के. अण्णा पाटलांचं नाव पुरुषोत्तम, म्हणून पुरुषोत्तमनगर. इथल्या पोरांना चाकाची ओळख होते ती उसाच्या बैलगाडीपासून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून. रेल्वे बघायची तर प्रकाशाला तापी ओलांडायची आणि नंदुरबार गाठायचं.

मी पहिल्यांदा मालगाडी बघितली ती वडलांबरोबर. मिरची घेऊन आम्ही नंदुरबारच्या बाजारात गेलो होतो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मालाचा हिशेब झाल्यावर वडील म्हणाले, "चल, तुला वाघिणी दाखवतो." मी घाबरलो. स्टेशनावर गेल्यावर कळलं, मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. एकामागं एक अशा कितीतरी वाघिणी गेल्या. मोजता मोजता माझी मोजणी चुकली, पण ते लाल-तपकिरी रंगाचं, धुळीनं माखलेलं, खडखडणारं जनावर डोक्यातून काही गेलं नाही.

दहावीनंतर शेती गळ्यात पडली. मग कुठली गाडी अन् कुठलं काय. पुढं पुतण्या पुण्याला शिकायला गेला, त्यानं एकदा मला कोथरूडला नेलं. तिथं भाऊसाहेब जोशी नावाच्या गृहस्थांनी जन्मभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलंय. १ एप्रिल १९९८ला ते लोकांसाठी उघडलं. सिग्नल पडतात, गाड्या थांबतात, वळतात, दिवे लागतात. बाकीची माणसं पोरांना उचलून दाखवत होती. मला कुणी उचलायची गरज नव्हती, पण मी पोरांच्याच रांगेत उभा होतो.

२०२०च्या टाळेबंदीत हातांना काम उरलं नाही, तेव्हा मी पहिली वाघीण केली. पुतण्यानं मोबाईलवर नकाशा पाठवला. हल्ली सुरत-भुसावळ लाईनवर कोळशाच्या ज्या उघड्या, उंच कडांच्या वाघिणी दिसतात, त्यांना रेल्वेवाले 'बॉक्स एन' म्हणतात. खरी वाघीण एका कपलिंगपासून दुसऱ्या कपलिंगपर्यंत १०,७१३ मिलिमीटर लांब. आपण करायची ती ८७ पट लहान. भागाकार केला तर १२३ मिलिमीटर येतात, म्हणजे माझ्या वितीपेक्षाही कमी. रुंदी जेमतेम ३७.

सामान सगळं घरातलं. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा, घराच्या छताला लावलेल्या पीव्हीसी पट्टीचे उरलेले तुकडे, तेलाच्या डब्याचा पत्रा, संपलेल्या रिफिली, टाचण्या. कडेच्या बाहेरून ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्या ब्लेडनं एकसारख्या कापायला मला तीन दिवस लागले. जुन्या वाघिणींना रिव्हेट असायचे. ते करायचे तर पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूनं बोथट सुईनं हलकेच टोचायचं, म्हणजे पुढं दाणा उठतो. चाकं आणि रूळ मात्र विकत आणले. गंज मी खराच लावला. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवला की दोन-चार दिवसांत झकास तांबूस पाणी होतं. बायको म्हणाली, "अहो, लोक गंज काढायला पैसे घालवतात आणि तुम्ही लावत बसलात."

ह्या धंद्यात शिरल्यावर एक गोष्ट लवकर समजली. नक्कल हुबेहूब करायची तर पावलोपावली खोटेपणा करावा लागतो. आपल्या मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. ८७नं भागलं तर सव्वाएकोणीस येतं. पण बाजारात मिळणारे छोटे रूळ परदेशातल्या गाड्यांच्या मापाचे, साडेसोळाचे. म्हणजे माझी वाघीण जवळजवळ तीन मिलिमीटर खोटं बोलत उभी असते. गंज खरा, पण म्हातारपण खोटं. आणि सगळ्यात मोठं खोटं म्हणजे कोळसा.

लोहाराच्या भट्टीवरून मूठभर दगडी कोळसा आणला, खलबत्त्यात कुटला, चहाच्या जुन्या गाळणीनं चाळला. (खलबत्ता मला नवा आणून द्यावा लागला.) पण आख्खी वाघीण कोळशानं कोण भरतं? सगळे करतात तेच मी केलं. आत थर्माकोलचा तुकडा बसवला, त्याला वरून ढिगासारखा उंचवटा दिला, डिंक लावला आणि कोळशाची भुकटी पसरली. वरून बघाल तर काठोकाठ भरलेली वाघीण.

नातू आणि त्याचे दोस्त बघायला जमले. त्यातल्या एका पोरानं कोळशात बोट खुपसलं. वरचा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरंशुभ्र थर्माकोल दिसलं. पोरगं ओरडलं, "आबा, वरूनच भरलंय! आत फसवाफसवी!"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझे कान तापले होते. त्याचं कारण त्या पोरांना माहीत नव्हतं, घरात कुणालाच नव्हतं. आज लिहितो.

पंचवीसेक वर्षं झाली. त्या साली मिरची पथारीवर वाळत असताना अवकाळी पाऊस आला. दोन रात्री ताडपत्र्या ओढत काढल्या, तरी बराच माल पांढरा पडला, काळे डाग आले. बाजारात नेला असता तर मातीमोल. डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं आणि बहिणीच्या घरचं कार्य तोंडावर. जवळच्या गावातली एक बाई मसाला कांडून विकायची. नवरा नव्हता, तिखट-मसाल्यावर घर चालायचं. दरवर्षी आमच्याकडून दोन पोती न्यायची. मी त्या दोन पोत्यांत खाली डागी माल भरला आणि वर हातभर चांगली लालभडक मिरची लावली. तिनं वरची मूठ घेतली, मोडून वास घेतला, म्हणाली, "भाऊ, तुझा माल काय बघायचा." पैसे मोजले आणि गेली.

भांडायला ती आली नाही. पुढच्या वर्षी मात्र आली. पोत्याला हात न लावता जमिनीवर आपलं लुगड्याचं धडपं पसरलं आणि म्हणाली, "भाऊ, ओती दखाड." ओतून दाखव. मी पोतं ओतलं. माल चांगला होता. तिनं तळापर्यंत चाळला, घेतला आणि गेली. आम्ही दोघंही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यानंतर ती आली नाही.

तर प्रश्न असा. वरून कोळसा आणि आत थर्माकोल, वरून चांगली मिरची आणि आत डागी. हातांनी काम एकच केलं. मग एकाला लोक कला म्हणतात आणि दुसऱ्याला पाप, ते कशावरून?

पहिलं उत्तर कुणीही देईल: एकात पैसे घेतले, दुसऱ्यात नाही. पण हे उत्तर टिकत नाही. उद्या कुणी माझी वाघीण शोभेसाठी विकत घेतली तरी मी त्याला फसवलं असं होत नाही. आत कोळसा आहे म्हणून तो पैसे देत नाही. आणि पैसे न घेताही माणूस माणसाला फसवतो, हे तर घराघरात चालतं.

दुसरं उत्तर: खोटं ते खोटंच, लहान काय अन् मोठं काय. तेही मला पटत नाही. पोळ्याला ज्याच्याकडं बैल नाही तो मातीचे बैल आणतो, त्यांना ओवाळतो, पुरणपोळीचा घास त्यांच्या तोंडाशी धरतो. हे बैल नांगर ओढत नाहीत अशी तक्रार आजवर कुणी केली नाही. मातीचा बैल कुणाला फसवत नाही. त्याच्या मापातच त्याची कबुली असते. माझी वाघीणही तशीच. वितीएवढी वस्तू बघून ती खरी मालगाडी आहे असं पाळण्यातलं पोरसुद्धा समजत नाही.

बुजगावणं मात्र वेगळं. ते फसवायलाच उभं केलेलं असतं. पाखरांनी त्याला माणूस समजावं म्हणूनच त्याला सदरा घालायचा. तरी आपल्याला त्याची लाज वाटत नाही. का? मी ह्यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, पाखरानं आपल्यावर विश्वास टाकलेला नसतो. ते आपल्या ज्वारीवर डोळा ठेवून येतं, आपण त्याच्यावर. हिशेब उघड असतो.

त्या बाईनं मात्र विश्वास टाकला होता. पोतं ओतायला सांगणं तिला पहिल्या वर्षीही जमलं असतं. तिनं सांगितलं नाही, कारण माल माझा होता. म्हणजे मी डागी मिरची लपवली ती चांगल्या मिरचीच्या थराखाली नव्हे, तिच्या भरवशाखाली. वरचा थर मिरचीचा नव्हताच. तो दहा वर्षांच्या व्यवहाराचा होता.

आणखी एक खूण सापडली. कोथरूडच्या त्या संग्रहालयात कुठली वस्तू कशी चालते हे मी विचारत सुटलो होतो आणि तिथली माणसं हौसेनं सांगत होती. माझ्या वाघिणीत पोरानं बोट घातलं तेव्हा मीही त्यांना थर्माकोल कसं कापलं ते दाखवलंच. सोंग घेणारा रंग पुसून आपला चेहरा दाखवू शकतो. पोतं भरलं तेव्हा मात्र मी गड्याला घरी पाठवलं होतं आणि खळ्यावर एकटाच होतो. जे काम करताना दार लावून घ्यावं लागतं, ते काय आहे हे करणाऱ्याला तेव्हाच माहीत असतं. कर्ज, पाऊस, कार्य ही सगळी कारणं खरीच होती. पण ती कारणं त्या बाईला सांगितली असती तर तिनं कमी भावात तो माल कदाचित घेतलाही असता, किंवा नसता घेतला. ते ठरवायचा हक्क तिचा होता. तो मी परस्पर वापरून टाकला.

ह्या सगळ्यात खऱ्या वाघिणीनं मला खजील केलं. तिच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. रिकामं वजन साडेबावीस टनांच्या आसपास, भरायचा माल किती, मोठी दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी. धुळीनं माखलेलं लोखंड, पण आपली ओळख पांढऱ्या अक्षरांत अंगावर घेऊन फिरतं. माझ्या पोत्यावर फक्त माझं नाव होतं.

मग मी एक उद्योग केला. थर्माकोल काढून आख्खी वाघीण कोळशानं भरली. खऱ्या वाघिणीत जवळजवळ ५९ टन माल बसतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पटींनी कमी केल्यावर तेवढा माल किती होतो, तर कसाबसा ९० ग्रॅम. माझ्या पत्र्या-पुठ्ठ्याच्या जाडीमुळं सत्तरेकच बसला. डोळ्यांना काही फरक कळला नाही. पण रुळावर कळला. आधी हलकी वाघीण वळणावर सारखी उतरायची. आता घट्ट बसून गेली. आतलं डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांना कळतं.

त्या आठवड्यात मी त्या बाईच्या घरी गेलो. आता ती सत्तरीच्या पुढं आहे, डोळ्यांना कमी दिसतं. कांडप सुनेकडं आहे. मी सगळं सांगितलं आणि दोन पोत्यांच्या चांगल्या-वाईट भावातला फरक, वर इतक्या वर्षांचं व्याज धरून, पुढं ठेवला. ती नाही म्हणेल, 'राहू दे भाऊ' म्हणेल, असं मला मनातून वाटत होतं. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी निम्मा गेलो होतो.

तिनं नोटा घेतल्या. सुनेला हाक मारून मोजून घेतल्या. कनवटीला लावल्या. मग म्हणाली, "पोत्याचे झाले. त्या साली मसाला काळा निघाला म्हणून माझी गिऱ्हाईकं तुटली, भाऊ. त्यांना मी काय सांगितलं असेल?"

मी म्हणालो, "माझं नाव सांगितलं असशील."

"नाही," ती म्हणाली. "माझ्या हातचा माल. तुझं नाव कसं सांगू?"

चहा पिऊन मी परत आलो. वाघीण कपाटात आहे. कोळसा तसाच ठेवलाय, आख्खा.