स्टेशनावरील कांटा

आडवाटेच्या रेल्वे स्टेशनांत पार्सलच्या खोलीपाशीं जो लोखंडी कांटा असे, तो आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. खालीं चौकोनी पाट, त्याच्या कडेस खांब, आणि खांबाच्या माथ्यावर आंकडे कोरलेली दांडी. ह्या जातीच्या कांट्याचें पेटंट अमेरिकेंतील थॅडियस फेअरबँक्स ह्यानें १८३१ सालीं घेतलें. वाखाच्या भरलेल्या गाड्या तोलणें ही त्याची अडचण होती.

साध्या तराजूचीं पारडीं देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबतात. तीं सम आहेत कीं नाहींत हें निरक्षरासही दिसतें. ह्या कांट्याच्या तरफा मात्र पाटाखालीं झांकलेल्या. त्यांच्या योगानें दांडीस टांगलेलें एक शेर वजन पाटावरील शंभर शेर माल तोलून धरतें. तें वजन तोळाभर झिजलें, तर माल सव्वा शेर अधिक भरतो. आणि गुळाची ढेप घेऊन आलेल्या कुणब्यास ह्याचा मागमूसही लागत नाहीं.

मोशेच्या नियमशास्त्रांत पिशवींत दोन तऱ्हेचीं वजनें ठेवण्यास मनाई आहे. आमचा प्रश्न त्याहून निराळा आहे. वजन एकच आहे, कांटाही खरा आहे, परंतु ज्याचा माल त्यास तो वाचतां येत नाहीं. तर न्याय पुरा झाला काय? कोणी म्हणेल, वैद्याचें औषध आपण न समजतांच घेतों. खरें, पण वैद्य रोग्याचा असतो. येथें तोलणारा रेल्वेचा नोकर, आणि भाडें घेणारी रेल्वेच. म्हणून न्याय पुरा झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं.

बरें, आंकडा मोठ्यानें सांगितला म्हणून तरी काय? मुंबईचा मण २८ पौंडांचा, रेल्वेचा ८२ पौंडांहून कांहींसा अधिक. दोघेही ‘मण’ म्हणत आणि दोघांचे अर्थ वेगळे. १९३९ च्या कायद्यानें ऐशीं तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण ठरविला. १९५८ पासून किलोग्रॅम येऊं लागला. आतां विजेच्या कांट्यावर आंकडे उजळतात, पण वाचतां न येणारास ते दांडीवरील खुणांइतकेच मुके.

ह्यावर एक उपाय त्या जुन्या कांट्यांतच होता. माल चढविण्यापूर्वीं रिकाम्या पाटावर दांडी सम राहते हें मालकास बोलावून दाखवावें, मग माल ठेवून पुन्हा सम होतांना दाखवावी, आणि मण कोणता तें सांगावें. तरफांतील किंवा वजनांतील दोष ह्यानें उघड होणार नाहीं. परंतु ह्यास अक्षरओळख लागत नाहीं, आणि गाडी सुटण्याची घाई नसेल तर वेळही फारसा लागत नाहीं.