झाकलेल्या जागेचा धर्म

जे काम पुरे होताच झाकले जाणार आहे, ज्याकडे पुन्हा कोणाची दृष्टी वळण्याचा फारसा संभव नाही, ते काम माणसाने नीट का करावे? प्रश्न जुना आहे. मंदिराचा कळस सर्वांना दिसतो, पायाचा दगड कोणालाच दिसत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु जुन्या प्रश्नाची कसोटी कधी कधी अगदी नव्या ठिकाणी लागते. असे एक ठिकाण म्हणजे हौशी माणसाने स्वतःच्या घरी बांधावयास घेतलेल्या लहान विमानाचा पंख, आणि त्या पंखात इंधनाची टाकी धरून ठेवणारी लहानशी ब्रॅकेटे.

घरी विमान बांधणे ही गोष्ट आपल्याकडे नवलाची वाटेल. अमेरिकेत मात्र ती चांगलीच रुळली आहे. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. पुढे १९७३ साली रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी ऑरेगन राज्यात ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही कंपनी काढली. विमानाचे कापलेले पत्रे, कणे, फासळ्या आणि नकाशे असा संच घ्यावा व बांधणी आपली आपण करावी, अशी ही पद्धत. या कंपनीच्या आर. व्ही. मालिकेतील अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत. तेथील कायद्याची अट अशी की, विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी, केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा मनोरंजनासाठी बांधलेला असला पाहिजे. उड्डाणापूर्वी सरकारी परवानगी लागते व तपासणीही होते. पण त्या दिवशी तपासनीसाला दिसते ते जोडून पुरे झालेले विमान. पंखाच्या आत काय झाले, हे बव्हंशी बांधणाऱ्याच्या नोंदवहीवरून आणि त्याच्या शब्दावरूनच मानावे लागते.

या मालिकेतील आर. व्ही. ७ हे दोन आसनांचे विमान उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या प्रत्येक पंखाच्या पुढल्या धारेत २१ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ८० लिटर पेट्रोल मावेल अशी टाकी असते. ही टाकी पंखात ठेवलेला वेगळा डबा नसून पंखाचा पुढला पत्रा हीच तिची भिंत होय. तिची मागली भिंत पंखाच्या मुख्य कण्याकडे, म्हणजे स्पारकडे असते. या मागल्या भिंतीवर इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या घडणीची ब्रॅकेटे रिव्हेटांनी बसवितात, आणि स्पारच्या पाठीमागून घातलेले बोल्ट ब्रॅकेटांतील नटप्लेटांत आवळतात. टाकीच्या पत्र्याच्या कडा स्पारला स्क्रूंनीही जोडलेल्या असतात. तथापि टाकीची पाठ धरून ठेवण्याचे काम या ब्रॅकेटांचे. भरल्या टाकीतील इंधनाचे वजन सुमारे ५७ किलो भरते. कसरतीच्या उड्डाणात विमानावर सहापट भार येतो, तेव्हा तेच इंधन ३४० किलोंच्या भाराने आपल्या आधारांना ओढू लागते.

काम दिसावयास लहान, परंतु करावयास किचकट. ब्रॅकेटाची भोके स्पारच्या भोकांशी अचूक जुळावी लागतात. केसभर फरक पडला तर बोल्ट सरळ उतरत नाही, आणि मग भोक कानशीने थोडे लांबट करून बोल्ट दामटून बसविण्याचा मोह होतो. टाकीच्या भिंतीला छेद देणारे रिव्हेट बंद टोकाचे असावे लागतात व त्यांच्याभोवती इंधनाला दाद न देणारे सीलंट भरावे लागते. एरवी थेंब थेंब गळती सुरू होते. बोल्ट तीन षोडशांश इंच जाडीचा. त्या मापाच्या बोल्टाला सामान्यतः २० ते २५ इंच-पौंडांचा पीळ देतात. त्याहून कमी दिला तर तो हादऱ्यांनी सैल होण्याची भीती, फार अधिक दिला तर आटे खराब होण्याची. हे सारे झाले की टाकी आपल्या जागी बसते, आणि ब्रॅकेटे तिच्या व स्पारच्या मधल्या अंधारात नाहीशी होतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या अंधारातले काम नीट का करावे? पहिले उत्तर सहज सुचते: ज्याने पंख बांधला तोच त्यात बसून उडणार आहे, स्वतःच्या जिवाची काळजी हाच उत्तम तपासनीस! वरवर पाहता हे उत्तर बिनतोड आहे. आपल्या घरच्या विहिरीचे पाणी कोणी गढूळ करीत नाही, तसेच हे.

परंतु थोडे खोल गेले की या उत्तराचा आधार डळमळू लागतो. एक तर माणसाचे स्वहित त्याला वाटते तितके जागरूक नसते. दिवसभर पोटाची नोकरी करून रात्री दहा वाजता कामाला बसलेला माणूस स्वतःलाच फसविण्यात मोठा कुशल असतो. “एवढ्याने काय होणार आहे?” हे वाक्य आपण दुसऱ्यापेक्षा स्वतःलाच अधिक वेळा ऐकवितो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. विमान त्याच्या बांधणाऱ्यापाशीच राहते असे नाही. ते विकले जाते, वारसांकडे जाते, मित्राला चालवावयास दिले जाते. मग ज्याने पंखाचा आतला भाग कधी पाहिला नाही असा कोणी एक अपरिचित मनुष्य त्यावर आपला जीव सोपवितो. तेथे बांधणाऱ्याचे स्वहित संपलेले असते. त्याचे काम मात्र संपलेले नसते.

याचे एक दुःखद उदाहरण प्रसिद्ध आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथून उडालेले एक लहान विमान थोड्याच वेळात समुद्रात कोसळले व त्याचे चालक, प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर, मृत्यू पावले. विमान बर्ट रुटान यांच्या आराखड्याचे, ‘लाँग-ईझेड’ जातीचे, आणि एका हौशी माणसाने बांधलेले होते. डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर जाण्याची कळ मूळ आराखड्यात चालकाच्या पायांच्या मध्ये होती. या विमानात ती त्याच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. ती फिरवावयाची तर सारे अंग वळवून उजवा हात मागे न्यावा लागे, आणि तसे करताना उजवा पाय नकळत सुकाणूवर दाबला जाई. उड्डाणापूर्वी कळीला पकड लावून हात पोहोचतो का हेही पाहण्यात आले. ते साधले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चालकाकडेही दोष दिला: इंधन अपुरे होते, या जातीच्या विमानाचा सराव अपुरा होता. परंतु कारणांच्या त्याच यादीत, खुणा नसलेली ती कळ हाताला अवघड अशा जागी बसविण्याचा बांधणाऱ्याचा निर्णयही नोंदविलेला आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या बांधणाऱ्याला निष्काळजी म्हणता येत नाही. इंधनाच्या नळ्या चालकाच्या बैठकीच्या भागात नकोत, असा त्याचा हेतू होता. म्हणजे त्याने विचार केला होता आणि तोही सुरक्षिततेचाच. मग उणे कोठे राहिले? मला वाटते, ते राहिले कल्पनेत. निराळ्या उंचीच्या, निराळ्या सवयीच्या, घाईत असलेल्या एखाद्या परक्या माणसाचा हात त्या कळीकडे कसा जाईल, हे चित्र त्याच्या मनासमोर उभे राहिले नाही. आपण नीतीची चर्चा करताना हेतूच्या शुद्धतेवर फार भर देतो, आणि ते योग्यच आहे. पण हेतू शुद्ध असूनही काम अपुरे राहू शकते. कारण ज्याच्यासाठी काम करावयाचे तो समोर नसतो, आणि न दिसणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणण्याचे कष्ट आपण घेत नाही.

यावर कोणी श्रद्धावान वाचक म्हणेल, “माणूस नसला तरी देव पाहतो, तेवढे स्मरण पुरे आहे.” या उत्तराचा मी अनादर करीत नाही. मात्र त्याचा अर्थ आपण कसा करतो, हे तपासावयास हवे. देव पाहतो म्हणजे तो वरून हजेरी घेतो व चूक सापडताच दंड करतो, एवढाच अर्थ घेतला तर आपण एका लहान तपासनीसाच्या जागी एक मोठा तपासनीस नेमला, इतकेच झाले. भीतीने केलेले काम भीती ओसरताच ढिले पडते. याउलट, जो अंतर्यामी माझ्यात आहे तोच पुढे या पंखाच्या भरवशावर आकाशात जाणाऱ्या त्या अपरिचितातही आहे, असा अर्थ घेतला, तर दृष्टीच पालटते. मग ब्रॅकेटापाशी वाकलेल्या माणसाला कोणाची नजर आपल्या पाठीवर आहे असे वाटत नाही. उद्या येथे बसणारा कोणी एक आपल्या शेजारीच उभा आहे, असे वाटते.

परंतु या वृत्तीलाही एक धोका आहे, आणि तो चांगल्या माणसालाच अधिक. तो म्हणजे निर्दोषतेचा हव्यास. ठोकलेल्या रिव्हेटाच्या टोकाची रुंदी मूळ दांड्याच्या सुमारे दीडपट व उंची निम्मी असावी, असा दंडक आहे. समजा, एक रिव्हेट किंचित तिरपा बसला. बांधणाऱ्याला चैन पडत नाही. तो रिव्हेट ड्रिलने काढतो, नवा ठोकतो; तोही मनासारखा येत नाही म्हणून पुन्हा काढतो. प्रत्येक वेळी भोक थोडे मोठे होते, पत्रा थोडा दुर्बळ होतो, आणि भोकापासून काठापर्यंत राखावयाचे अंतर कमी होत जाते. अनुभवी मंडळी नवख्याला सांगतात की, थोडासा सदोष रिव्हेट राहू द्यावा, तो काढण्याच्या नादात भोक बिघडवू नये. येथे कर्तव्य आणि अहंकार यांच्यातली सीमारेषा स्पष्ट दिसते. ज्याचे लक्ष जोडाच्या बळाकडे आहे तो थांबतो. ज्याचे लक्ष स्वतःच्या समाधानाकडे आहे तो पुन्हा ड्रिल उचलतो. मात्र लांबट झालेले भोक “असू दे” म्हणून झाकणे वेगळे, आणि मर्यादेत बसणारा किंचित तिरपा रिव्हेट जाणून राहू देणे वेगळे. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात विवेक आहे. बाहेरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात. म्हणूनच काय सोडले आणि का सोडले, हे वहीत लिहून ठेवणे हाही कामाचाच भाग ठरतो.

आर. व्ही. मालिकेतील विमानांच्या टाकीला आणखी एक आधार असतो: टाकीच्या पुढल्या आतल्या कोपऱ्यातून विमानाच्या धडाशी जोडणारे ब्रॅकेट. त्याच्या बोल्टासाठी गोल भोक न ठेवता एका बाजूने उघडी खाच ठेवलेली असते. नेहमीच्या उड्डाणात हा जोड पक्का राहतो. पण अपघातात पंख मागे रेटला गेला, तर बोल्ट खाचेतून निसटावा आणि टाकी फाटून इंधन पेटू नये, असा त्यामागील विचार. ज्याने ही खाच कल्पिली त्याने आपल्या विमानाच्या यशाबरोबर त्याच्या पराभवाचाही विचार केला. ज्याला तो कधी भेटणार नाही अशा माणसाची सर्वांत वाईट घटका त्याने कागदावर मांडून पाहिली. बांधणाऱ्याला मात्र ही खाच उणीव वाटू शकते. “हिला बंद करून जोड अधिक बळकट करू” असे त्याच्या मनात आले आणि तसे त्याने केले, तर त्याच्या चांगुलपणानेच ती दूरदृष्टी वाया जाईल. घट्ट धरणे हा गुण खरा; पण कोणत्या वेळी सोडावयाचे आहे, हे जाणून धरणे हा त्याहून मोठा गुण.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे मला सुचणारे उत्तर असे आहे. झाकलेल्या जागेतले काम नीट करावयाचे ते आपला जीव वाचावा एवढ्यासाठी नाही, कोणी पाहते आहे म्हणून नाही, आणि आपली कारागिरी निर्दोष ठरावी म्हणूनही नाही. ते करावयाचे, कारण झाकण बसले की त्या जागेविषयी प्रश्न विचारण्याचा दुसऱ्याचा मार्ग आपणच बंद करीत असतो. जो प्रश्न विचारू शकत नाही त्याच्या वतीने तो आधीच विचारून ठेवणे, हे आपले देणे होय.

हे देणे फेडण्याची रीतही त्या हौशी मंडळींनी घालून दिली आहे. त्यांच्या संघटनेत अनुभवी स्वयंसेवक असतात. ते बोलावल्यावर येतात आणि भाग बंद होण्यापूर्वी काम पाहून जातात. सरकारी शिक्का मारण्याचा अधिकार त्यांना नसतो. त्यांना बोलावणे भाग पडत नाही. म्हणूनच बोलावण्याला मोल आहे. टाकी स्पारवर चढविण्यापूर्वी हातातला पाना खाली ठेवून “एकदा तुम्ही पाहा” असे दुसऱ्याला म्हणावयाचे, त्याने काढलेली चूक वहीत नोंदवावयाची, ती सुधारावयाची आणि मगच शेवटचा बोल्ट आवळावयाचा. एवढे केले म्हणजे पंखातला तो अंधार पुढे येणाऱ्या अपरिचिताला धोक्याचा राहत नाही.