चित्र कोणाचे?

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचे माळरान पावसाळा सरता सरता पाहावे. पवन्या, कुसळी, मारवेल वाऱ्यावर डोलत असतात, त्यात चिंकारा चरतो. कागदोपत्री अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या अशाच माळाला १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हा कुठे त्याचे मोल कळले.

या माळावरच्या वनस्पतींची एक छोटी पुस्तिका मी शाळेसाठी केली होती. गवतांची नावे एका धनगराच्या मुलाने सांगितली, चित्रे सहावीतल्या मुलीने काढली. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या माझे. कोणी तक्रार केली नाही. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

पुढे दापोडीची हकिकत वाचनात आली. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या तिथल्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात पावणेदोनशेच्या आसपास वनस्पतिचित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. गिब्सन यांचे नाव काही वनस्पतींनाही मिळाले. पण पानाची शीर न् शीर रेखाटणारा तो पोर्तुगीज-भारतीय चित्रकार कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. झाडाचे नाव नोंदले गेले, हाताचे राहिले.

उलट उदाहरण उस्ताद मन्सूर यांचे. १६२० साली काश्मिरात त्यांनी शंभराहून अधिक फुले रंगवली. त्यातली फारच थोडी चित्रे आज उरली आहेत. तरी मन्सूर हे नाव टिकले, कारण जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याची नोंद केली. नाव टिकवायला कधी कधी एक ओळही पुरते. दापोडीत ती ओळ कोणी लिहिली नाही.

खरा कलावंत नावासाठी काम करत नाही, असे म्हणतात. खरे असेल. पण स्वतःचे नाव न लावणे ही कलावंताची नम्रता, आणि दुसऱ्याचे नाव न लिहिणे हा आपला अन्याय. त्याच्या नम्रतेच्या आड आपल्याला लपता येत नाही. माळाला 'पडीक' म्हणणारी नजर आणि चित्र काढणाऱ्याला विसरणारी नजर एकच असते. ती फळ पाहते, मूळ पाहत नाही.

पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींवर मी त्या दोघांची नावे हाताने लिहिली. वाटून झालेल्या प्रतींचे काय करावे, हे मात्र अजून सुचलेले नाही.