पाखरे निरखताना

बेटम्याहून फार दूर नसलेला यशवंत सागर २०२२ साली रामसर यादीत आला. तेथे सारस पक्षी येतात. माणसाएवढे उंच, मस्तक व मान तांबडी. जोडी दिसली की आम्ही घाईने फोटो काढतो. घरी तो मोठा करून पाहावा, तर गवतात दडलेले तपकिरी पिलू सापडते! कधी पायात गुंतलेला मासेमारीचा नायलॉनचा दोराही दिसतो. प्रभूने पाखरे निरखावयास सांगितली (मत्तय ६:२६). चिमणी पडली तरी पित्याला ते ठाऊक असते. उपासनेनंतर आपण एकमेकांस हसून सलाम करतो. मागच्या बाकावरील मावशींच्या हातातली सोन्याची बांगडी महिनाभर दिसत नाही. कोणी विचारपूस केली काय?