वेठीचा कोस आणि प्रीतीचा कोस

शास्त्रपाठ : यिर्मया २२:१३-१७, मत्तय २०:१-१६, मत्तय ५:४१



यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहार ही आमची वसाहत. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे येथे राहतो व रविवारी सायंकाळी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमून आपल्या मायबोलीत उपासना करतो. काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एक तरुण कामाच्या शोधात आमच्याकडे आला. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर होता. स्वभावाने नम्र, अक्षर सुरेख. मंडळीने त्याच्या राहण्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय केली. मंडळीचे हिशेब मी पाहत असे, म्हणून त्याच्याकडे लक्ष देण्याचे कामही माझ्याकडे आले.

पहिल्याच आठवड्यात मी त्यास म्हणालो, "रिकामा बसू नकोस, थोडा हातभार लाव." थोडा हातभार म्हणता म्हणता खुर्च्या मांडणे, वर्गणीच्या पावत्या लिहिणे, बँकेत जाणे, आजारी वृद्धांना इस्पितळात नेणे, सणासुदीला झाडलोट करणे अशी सकाळपासून रात्रीपर्यंतची कामे त्याच्यावर येऊन पडली. वेतन कोणी ठरविले नाही. ते ठरवावे असा विचारही कोणाच्या मनात आला नाही. आम्ही त्या कामास 'सेवा' म्हणत होतो.

एके दिवशी नोएडातील एका कचेरीतून त्यास मुलाखतीचे बोलावणे आले. नेमकी त्याच दिवशी आमच्या वार्षिक सभेची तयारी होती. मी म्हणालो, "मुलाखती पुन्हा येतील, सभा वर्षातून एकदाच." तो गेला नाही. पुढे काही महिन्यांनी निराश होऊन तो गावी परत निघाला. निरोपाच्या वेळी मी त्यास विचारले, "त्या दिवशी तू मला नाही का म्हटले नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "काका, नाही म्हटले असते तर जेवायचे कोठे?"

वाचकहो, त्या रात्री मी पवित्र शास्त्र उघडले आणि यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायाने मला जागच्या जागी धरले. यहोयाकीम राजा यरुशलेमेत आपला वाडा वाढवीत होता. प्रशस्त माड्या, मोठाल्या खिडक्या, गंधसरूचे काम आणि वर हिंगुळाचा रंग. संदेष्टा त्या वाड्याची शोभा पाहत नाही. तो विचारतो की ह्या भिंती ज्यांनी उभारल्या त्यांची मजुरी कोठे आहे? जो आपल्या शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेतो, त्याजवर तो हायहाय उच्चारतो. ज्याच्याकडून काम करून घेतले त्या मजुरास तो 'शेजारी' म्हणतो, हे ध्यानात घ्या. मग तो राजाला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो. योशीयाही खातपीत होता, परंतु त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला. आणि हेच मला ओळखणे होय, असे परमेश्वर म्हणतो. आमच्या मंडळीत देवाला ओळखण्याविषयी पुष्कळ प्रवचने झाली होती. त्या तरुणाच्या मजुरीविषयी मात्र एक शब्दही निघाला नव्हता.

बेकार माणसास भाकर द्यावी, परंतु तिच्याबद्दल त्याच्याकडून काम करून घ्यावे, हा विचार केवळ आमच्या मंडळीचा नव्हे. थोरमोठ्या राष्ट्रांनीही तो कायद्यात आणला आहे. ब्रिटनमध्ये २०११ च्या सुमारास बेकारभत्ता घेणाऱ्या पुष्कळ लोकांना काही आठवडे विनावेतन काम करावयास लावण्यात आले. नाकारल्यास भत्ता बंद होण्याची भीती होती. भूगर्भशास्त्राची एक पदवीधर तरुणी स्वखुशीने एका संग्रहालयात काम करीत होती. तिला ते सोडावयास लावून स्वस्त वस्तूंच्या दुकानात पाठविण्यात आले. तिने न्यायालयात दाद मागितली. २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने संबंधित नियम बेकायदेशीर ठरविले. परंतु ही सक्तीची मजुरी आहे, हे तिचे म्हणणे मात्र मान्य केले नाही. दुःखाची गोष्ट ही की अशा योजनांत माणसे घेणाऱ्यांमध्ये काही ख्रिस्ती सेवाभावी संस्थाही होत्या.

आपल्या देशातही ह्या विचाराचे सौम्य रूप दिसते. राजस्थान सरकारने २०२२ पासून आपल्या बेकारभत्त्यास अट घातली की भत्ता घेणाऱ्या पदवीधराने रोज चार तास सरकारी कचेरीत काम शिकावे. भत्ता पुरुषांस दरमहा ४,००० रुपये, तर स्त्रियांस व अपंगांस ४,५०० रुपये. आपल्या महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. तिच्यात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी शिक्षणाप्रमाणे दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. पुढे मुदतही वाढविण्यात आली. ह्यांत कोणी फुकट राबविले गेले असे मी म्हणत नाही. काम शिकणे चांगले आहे, आणि रिकाम्या हातांनी घरी बसण्याचे दुःख ज्याने भोगले त्यालाच कामाची गोडी कळते. परंतु अशा प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हा मनुष्य दुसऱ्या कोणा पगारी नोकराइतकेच काम करीत असेल, तर त्याच्या हाती पडते ते वेतन की उपकार?

येथे कोणी पौलाचे नाव घेईल. काम न करणाऱ्याने खाऊही नये, असे प्रेषिताने थेस्सलनीकाकरांस लिहिले नाही काय? लिहिले आहे. परंतु ते वचन (२ थेस्सल. ३:१०) नीट वाचा. ज्याची काम करण्याची इच्छाच नाही त्याच्याविषयी पौल बोलत आहे. ज्यास काम मिळत नाही त्याच्याविषयी तेथे एक शब्दही नाही. शिवाय पौल स्वतः करिंथात तंबू करण्याचा धंदा करून पोट भरीत असे. काम आणि भाकर ह्यांच्या मध्ये त्याने मजुरी ठेवली. आपण मजुरी काढून घेतो आणि पौलाचे वचन तेवढे ठेवतो!

त्या तरुणाच्या उत्तरातील सक्ती आम्हांस दिसली नाही, कारण आम्ही त्यास बांधून ठेवले नव्हते. दार उघडे होते. परंतु ह्याच दिल्लीत, यमुनेच्या पलीकडे, १९८२ च्या आशियाई खेळांसाठी क्रीडागारे व उड्डाणपूल बांधले जात असताना हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मजुरांचे किमान वेतन दिवसास ९ रुपये २५ पैसे होते. जमादार त्यांतून एक रुपया कापून घेई व मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. आपल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे. न्यायमूर्ती भगवती ह्यांनी त्या अनुच्छेदाचा अर्थ सांगताना म्हटले की सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि दारिद्र्य ह्यांमुळे ज्यास दुसरा मार्गच उरत नाही व जो किमान वेतनाहून कमी घेऊन राबतो, त्याचीही मजुरी सक्तीचीच होय.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, राजस्थानातील दुष्काळी कामांचा खटला आला. सरकारचे म्हणणे असे की हे तर दुष्काळग्रस्तांना साहाय्य आहे, येथे किमान वेतनाचा कायदा लागू करू नये. न्यायालयाने ते मानले नाही. रस्ता बांधला गेला, त्याचा उपयोग समाजास झाला. तर मग साहाय्याच्या नावाखाली मजुरी कापता येणार नाही, असा निवाडा झाला. प्रियजनहो, माझ्या 'सेवा' ह्या शब्दाचा निवाडाही मला तेथेच मिळाला. आमच्या पावत्या लिहिल्या गेल्या होत्या, आमचे वृद्ध इस्पितळात पोहोचले होते, आमची सभा पार पडली होती.

आपल्याला हे इतरांहून लवकर कळावयास पाहिजे होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी महार वतनाची गावकी केली आहे. सरकारी निरोप घेऊन ऊनपावसात धावावे, अंमलदाराचे ओझे वाहावे, गावची राखण करावी आणि मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा व खळ्यावरचे बलुते घ्यावे. काम किती, केव्हा व कोणाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात ह्या वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. महाराष्ट्राने पुढे दुसरी वाटही दाखविली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्याचे तत्त्व असे : जो काम मागेल त्यास काम व मजुरी द्यावी, आणि काम देता आले नाही तर भत्ता द्यावा. शहरातील पगारदारांच्या व्यवसाय करातून त्यास पैसा आला. काम मागणे हा तेथे गरिबाचा हक्क झाला. भाकरीबद्दल त्यास राबविणे हा धन्याचा हक्क राहिला नाही.

आता प्रभूच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याकडे चला. दिवस कलला आहे, एकच तास उरला आहे. धनी बाजारात जातो आणि उभे असलेल्यांस विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का? ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. धनी त्यांच्यावर अविश्वास दाखवीत नाही. प्रथम आठवडाभर फुकट काम करून आपली तयारी सिद्ध करा, असेही म्हणत नाही. तो त्यांना मळ्यात पाठवितो आणि संध्याकाळी कारभाऱ्यास बोलावून त्यांची मजुरी द्यावयास सांगतो. त्याने दिले ते त्यांच्या तासाभराच्या श्रमाहून कितीतरी अधिक होते. तरी त्याने ते मजुरी म्हणूनच दिले. कृपाही दिली आणि मानही राखला. आम्ही ह्याच्या उलट केले होते. मजुरी देणे असताना आम्ही तिला कृपा म्हटले, आणि त्या लेकराचा मान हिरावून घेतला.

ह्यावर कोणी म्हणेल, "मग ख्रिस्ती मनुष्याने विनामूल्य सेवा करूच नये काय?" अवश्य करावी. आपल्या प्रभूनेच दुसऱ्या कोसाची शिकवण दिली आहे. त्या काळी रोमी शिपाई वाटेवरच्या माणसास वेठीस धरून आपले ओझे वाहावयास लावीत. प्रभू म्हणतो, असा एक कोस कोणी तुला नेले तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा. पहिला कोस वेठीचा, दुसरा प्रीतीचा. पण हे तो ओझे वाहणाऱ्यास सांगतो. ओझे लादणाऱ्यास नव्हे. दुसरा कोस मागता येत नाही, तो केवळ देता येतो. संग्रहालयात स्वखुशीने काम करणारी ती तरुणी दुसऱ्या कोसावर होती. सरकारने तिला ओढून पहिल्या कोसावर आणले. आम्हीही त्या तरुणाकडून वेठीचा कोस घेतला आणि त्यास प्रीतीच्या कोसाचे नाव दिले.

कालवरीच्या वाटेवर हे दोन्ही कोस एकत्र दिसतात. शेतावरून परत येणाऱ्या कुरेनेकर शिमोनास शिपायांनी वेठीस धरले. त्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्याच्याबरोबर त्याच वाटेने आपला तारणारा चालला होता. त्याचा प्राण कोणी हिसकावून घेत नव्हते, तो स्वतः होऊन देत होता. शिमोनास वेठीस धरले ते शिपायांनी, ख्रिस्ताने नव्हे. म्हणून जो कोणी ख्रिस्ताच्या नावाने दुसऱ्यास वेठीस धरतो, त्याने त्या वाटेवर आपण कोणाच्या बाजूस उभे आहोत हे पाहावे.

जक्कयाचे उदाहरण आठवून मी ही गोष्ट मंडळीपुढे मांडली. चर्चा झाली, काहींना वाईटही वाटले. शेवटी त्या तरुणाच्या साऱ्या महिन्यांचा हिशेब करून रक्कम त्यास पाठविली आणि क्षमा मागणारे पत्र लिहिले. तेव्हापासून आमच्याकडे दोन वह्या आहेत. एकीत मदत लिहितो. तिच्याबद्दल काहीही काम मागत नाही. दुसरीत काम लिहितो. त्याचे तास व वेतन आधी ठरवितो. त्या तरुणाची हुकलेली मुलाखत मात्र आम्हांस परत आणता आली नाही.

वाचकहो, आपल्या घरात डोकावून पाहा. शिक्षणाच्या नावाने गावाकडून आणलेली नात्यातील मुलगी पुस्तकापुढे किती वेळ बसते आणि चुलीपुढे किती? आपल्या शाळांत, वसतिगृहांत, कचेऱ्यांत 'अनुभव मिळेल' असे सांगून कोणा शिक्षित मुलामुलीस महिनोन्महिने राबविले जाते काय? त्यांस एकदा विचारा की तू नाही म्हणू शकतोस काय? आणि उत्तर येण्यापूर्वी त्यांच्या जेवणाची हमी द्या. नाहीतर खरे उत्तर येणार नाही.

प्रार्थना : हे प्रभू, सुताराच्या कामठ्यावर घाम गाळणाऱ्या येशू, ज्यांची मजुरी आम्ही सेवा म्हणून ठेवून घेतली त्यांची नावे आम्हांस आठवू दे. देणे फेडण्याचे धैर्य दे. जे आज बाजारात उभे आहेत व ज्यांस कोणी कामावर लावले नाही, त्यांस काम, मजुरी व मान मिळो. आणि आम्हांस तुझ्यामागे स्वखुशीने दुसरा कोस चालावयास शिकव. आमेन.