गोळी घे, गोळी घ्या

औषधाची वेळ झाली की बोलून आठवण करून देणारं एक मोबाइल अ‍ॅप आहे. त्याची स्पॅनिश वाक्यं लिहायचं काम माझ्या डॉक्टर मित्राच्या भाचीकडे आलं. मालकांची अट एकच: आवाज मित्रासारखा हवा, म्हणजे सगळ्यांना 'तू'. त्यावरून मामा-भाचीची जुंपली ती नागपूरच्या रामदासपेठेतल्या मामाच्या दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर. रामदासपेठ आणि शेजारची धंतोली म्हणजे डॉक्टरांचीच वस्ती. इथे दिवसभर आज्ञार्थच चालतो: झोपा, कुशीवर व्हा, श्वास घ्या, सोडा.

"अडचण काय पण?" मामा म्हणाला. "'गोळी घे' एवढंच म्हणायचं ना?"

"'तोमार' म्हणजे घेणे. 'तू'ला 'तोमा'. आदर द्यायचा, म्हणजे 'उस्तेद' म्हणायचं, तर 'तोमे'. खाण्याचं उलट. 'कोमेर'ला तू असशील तर 'कोमे' आणि उस्तेद असाल तर 'कोमा'."

"'आ'चा 'ए', 'ए'चा 'आ'. एका स्वरासाठी एवढं डोकं लावून राहिलीस?"

"'तोमे' हे मुळात हुकमाचं रूपच नाही, मामा. इच्छा, शंका सांगायच्या रूपातून ते उसनं आणलंय. आपलं 'आपण घ्यावं' असतं ना, त्याच्या जवळचं. 'उस्तेद' तरी काय, 'आपली कृपा' अशा अर्थाच्या संबोधनाचं झिजून उरलेलं."

"हे नको बाप्पा! 'घ्यावी' म्हटलं की पेशंट विचारात पडतो, घ्यावी की राहू द्यावी. रक्त पातळ करायची गोळी 'घ्यावी' नसते. 'घ्या' असते."

"तिकडे तो घोळ नाही. 'तोमे' आता पक्का हुकूम आहे. आदर आला म्हणून जोर कमी होत नाही."

"मग भांडण कशाचं?"

"बोगोटातल्या म्हातारीचं. तिकडे मित्रामित्रांत, घरातल्या घरातसुद्धा 'उस्तेद' चालतं. ब्वेनोस आयरेसला 'तू' नाहीच, तिथे 'वोस'. मग 'तोमा'चा जोर शेवटच्या स्वरावर जातो. मित्रासारखा आवाज म्हणजे नक्की कुणाच्या मित्रासारखा?"

"अगं, पण 'तू'त अपमान कसला? आपण देवाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो."

"कारण आईही आपल्याला तू म्हणते. तू मला तू म्हणतोस, मीही तुला म्हणते. ब्राऊन आणि गिलमन यांनी १९६० मध्ये हेच मांडलंय: दोन्हीकडून 'तू' असेल तर जवळीक, एकीकडूनच असेल तर सत्ता. त्या अ‍ॅपला म्हातारीने उलटून तू म्हटलं काय किंवा शिव्या घातल्या काय, त्याला कळणार आहे का?"

एवढ्यात कंपाउंडर किल्ल्या घेऊन आला. "फ्रिज चालू ठेव रे, इन्सुलिन आहे त्यात," मामा म्हणाला, "आणि उद्या लवकर येजो." "हो साहेब, तुम्ही निघा, मी लावतो कुलूप," म्हणून तो बाहेर गेला. (आमच्याकडचं हे 'येजो' मला आवडतं. हुकूम असतो, पण पुढचा. लगेच उठायला लावत नाही.)

भाची नुसती मामाकडे बघत राहिली.

"कळलं," मामा म्हणाला. "पण त्याला एकदम 'तुम्ही' म्हटलं तर तो घाबरेल. काय चुकलं विचारेल. मी चिडलो की तुझ्या मामीलाही 'तुम्ही' म्हणतो."

"चिडलेल्या आया तिकडेही लेकरांना 'उस्तेद' म्हणतात. आणि मेक्सिकोत हाक मारली की लोक 'मांदे' म्हणतात. हुकूम करा, तेही उस्तेदच्याच रूपात. काहींना तो सभ्यपणा वाटतो, काहींना गुलामीची उरलेली सवय."

"मग लोकांनाच विचारा की सुरुवातीला. तू हवं की उस्तेद, निवडा."

"'निवडा' कशात म्हणू? 'एलिखे' की 'एलिखा'? विचारायच्या आधीच मी निवडलेलं असतं."

"पाटीसारखं लिही. 'येथे गाडी लावू नये.' कोण कुणाला सांगतंय, पत्ताच नाही."

"तिकडे दारावरही 'एम्पुखार' असतं, नुसतं 'ढकलणे'. दाराला ठीक आहे. रात्री नऊला एकट्या बाईच्या खोलीत बोलणाऱ्या आवाजाने पाटीसारखं बोलायचं?"

"मग काय करशील?"

"पहिलं वाक्य 'उस्तेद'मध्ये. तिथून खाली यायचं की नाही, ते ती ठरवेल. अरे-तुरे करण्याला तिकडे क्रियापदच आहे, 'तुतेआर'. ती तशी परवानगी देऊ शकते. 'तू'वरून वर चढायचं तर आधी तिला भांडावं लागेल."

"मालकांना पटेल?"

"नाही पटणार. काम जाईलही."

"मग गपचूप 'तोमा' लिही. आदराने रक्त पातळ होत नाही. गोळी पोटात गेली की झालं."

"आणि 'हा कोण मला तू म्हणणारा' म्हणून तिने आवाजच बंद केला तर?"

मामाला लगेच उत्तर सुचलं नाही. 'सरक गं आजी' म्हटल्यावर पेशंट कसे बघतात, हे त्याने पाहिलेलं असणार. मला कोणी विचारलं असतं तर मी 'तोमे' म्हणालो असतो; पण माझं काम जाणार नव्हतं.

"आणि आमच्या कंपाउंडरचं काय?" मामाने बॅग उचलली. "त्यालाही विचारू, तू हवं की तुम्ही?"

"विचार ना."

"तो काय म्हणेल सांगू? 'तुम्ही म्हणाल तसं, साहेब.'"